माझी प्रतिकारशक्ती वाढवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवारी आपल्या पुरवणीत पावसाळ्यात प्रतिकारशक्ती कशी वाढवावी यावर अर्धं पान आलं होतं. गुळवेल, अश्वगंधा, हळद, आवळा, रोज अनशापोटी कपभर काढा, शेजारी पितळी तांब्याचं चित्र. दुपारपर्यंत माझ्या तीन गिऱ्हाइकांनी त्याचा फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर ते पान कापून दारात आणून दिलं. "अगं, तुझ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे." मायेने आणलं म्हणून मी घेतलं. उत्तर मात्र तुम्हाला देतेय, कारण छापलंय तुम्ही.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते आणि घरीच ब्लाउज शिवते, सव्वीस वर्षं झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये, गणपती नुकतेच गेले होते, मला कावीळ झाली. अंगात त्राण नाही, लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे पिवळे. काविळीला डॉक्टरकडे आधी कोण जातं? मीही आधी मुळ्यांची माळ गळ्यात घातली, मग शहापूरच्या पुढे एका गावात जाऊन चुन्याच्या निवळीत हात धुऊन आले. पाणी पिवळंधमक झालं, सोबत आलेल्या जावेने हात जोडले. डोळे होते तसेच. पंधरा दिवस त्यात गेले. शेवटी भावाने धरून मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तातलं पिवळेपण सांगणारं बिलिरुबिन ९, लिव्हरची सूज सांगणारं एसजीपीटी ९०० च्या वर, दोन्ही भलतंच वाढलेलं. ए, बी, सी, ई, सगळ्या काविळी तपासल्या, सगळ्या निगेटिव्ह. मग रक्तात एएनए, म्हणजे आपल्याच पेशींवर उठणारी प्रतिद्रव्यं सापडली, आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं वाढलेली निघाली, आणि बरगड्यांच्या मधून सुई घालून लिव्हरचा बारीकसा तुकडा काढून तपासला. त्यानंतर मी तासन्‌तास उजव्या कुशीवर पडून होते आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईच्या ब्लाउजची बाही कशी चुकलीय ते बघत होते. नाव निघालं ऑटोइम्यून हिपॅटायटिस. पुरुषांपेक्षा बायकांत हा तीन-चार पट जास्त होतो म्हणे.

डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं, पण मला ते माझ्या भाषेत कळलं. कात्रीची धार गेली म्हणून मी आजारी नाही. धार फार आहे, आणि ती माझ्याच कापडावर चालतेय. माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लिव्हरला कापत सुटलीय. गोळ्या त्या धारेला बोथट करतात. आणि तुमचं पान सांगतं, धार लावून घ्या.

गोळ्या दोन. पहिली प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. सासरे म्हणाले, "ते पैलवान घेतात ना?" ते वेगळं, हे वेगळं. सुरुवात रोज ४० मिलिग्रॅमने झाली. दुसरी अॅझाथायोप्रिन, ती थोडी मागाहून आली, ५० ची. ही बनवणाऱ्यांत गर्ट्रूड एलियन नावाची बाई होती आणि तिला १९८८ साली नोबेल मिळालं, हे मुलाने शोधून सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात त्या गोळीचं नाव एलियनबाई. "आई, एलियनबाई घेतलीस का?" असं तो कामावरूनही फोन करून विचारतो.

गुण आला, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी गोळ्यांना घाबरायचं. दिवाळीपर्यंत डोळे पांढरे झाले. एसजीपीटी दोन आकड्यांवर आलं. पण त्याच दिवाळीत मी आरशासमोर उटणं लावायला बसले तर आरशातली बाई ओळखू येईना. चेहरा पुरीसारखा टम्म. हनुवटीवर लव, गालांवर पुटकुळ्या, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. भाऊबीजेला जी आली ती म्हणाली, "छान गुबगुबीत झालीस, तब्येत सुधारली." सूज आणि तब्येत यांतला फरक लोकांना कधी कळणार, देव जाणे.

मी मापं घेणारी बाई. डॉक्टरांना जे रिपोर्टात दिसतं ते मला टेपवर आधी दिसलं. माझा स्वतःचा ब्लाउज शिवायला घेतला. छाती वाढली, कंबर वाढली, ते ठीक. पण दंड अर्ध्या इंचाने कमी. पोट पुढे आणि हातपाय काड्या. पाठीचा गळा काही केल्या बसेना, वर चढायचा. शेवटी मुलाला मागून फोटो काढायला लावला तेव्हा कळलं, मानेच्या खाली मांसाचा उंचवटा आलाय. जुन्या ब्लाउजांच्या आतली माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, उसवून उसवून संपली. सव्वीस वर्षांत असं माप मी कुणाचं घेतलं नव्हतं. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना मापांची वही दाखवली. ते हसले आणि म्हणाले, स्टेरॉइडचं वर्णन आमच्या पुस्तकात अगदी असंच असतं.

भूक सांगते. ही साधी भूक नव्हे. रात्री अडीच वाजता टक्क जाग यायची आणि पोटात कुणीतरी भांडी आपटतंय असं वाटायचं. अंधारात ओट्यापाशी उभं राहून शिळी पोळी, गूळ, पुन्हा पोळी. डब्याचं झाकण वाजू नये म्हणून पदर धरून उघडायचं, चोरासारखं. एकदा मुलाने दिवा लावला. मी तोंडात घास घेऊन उभी, त्याने काही न बोलता दिवा मालवला. त्यानंतर तो रात्री काकडी-गाजर चिरून, भाजलेले चणे वाटीत काढून ओट्यावर ठेवू लागला. झोप तर येतच नसे. मग मशीनचा आवाज नको म्हणून हाताची कामं काढायचे, हूक लावायचे, काजं करायचे. पण हात कापायचे. सुईत दोरा ओवायला मला, मला, दहा-दहा मिनिटं लागायची. दोरा ओवायचं ते पत्र्याचं चिमुकलं साधन असतं ना, ते मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांच्या सासवांना सुचवत आले. आता माझ्याच डब्यात तीन आहेत.

आणि राग. एक जुनी गिऱ्हाईक फॉल-पिकोचे वीस रुपये कमी कर म्हणाली, तर मी तिची साडी तिच्या अंगावर फेकली. नंतर तासभर रडले. गोळीने मन असं चढतं-उतरतं हे आधी कुणी सांगितलं असतं, तर निदान घरच्यांना कल्पना देऊन ठेवली असती. तिला मी नंतर खरं कारण सांगून माफी मागितली. ती आली परत, पण वीस रुपये कमी करूनच गेली.

एलियनबाईचा त्रास वेगळा. पहिले दोन आठवडे मळमळ, जणू तिसरा महिना लागलाय. सकाळची ती गोळी रात्री जेवणावर घ्यायला सांगितली, तेव्हा जरा बरं वाटलं. केस कंगव्यात पुंजक्याने यायचे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथे दाब टाकते. काही जणांत ही गोळी पचवायची यंत्रणा जन्मतःच कमी असते, आणि आपल्याकडच्या लोकांत एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकातला फेरफार त्याला बऱ्याचदा कारण असतो. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. माझ्या पांढऱ्या पेशी एकदा २,७०० पर्यंत खाली आल्या, लगेच गोळी निम्मी केली, मग हळूहळू वाढवली. तपासणी टाळली असती तर कळलंही नसतं, कारण मला त्या आठवड्यात अगदी छान वाटत होतं.

इथे आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या पोराचे आभार मानायचेत. अंगठा सुजला म्हणून मी जवळच्या एका दवाखान्यात गेले, युरिक अॅसिड निघालं, चिठ्ठीवर अॅलोप्युरिनॉल लिहून मिळालं. मी काय घेते ते सांगायला मी विसरले आणि त्यांनी विचारलं नाही. दुकानातल्या पोराने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, तुमची ती दुसरी गोळी चालू आहे ना? ही मी देणार नाही, आधी लिव्हरच्या डॉक्टरांना फोन लावा." फोनवर डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. अॅलोप्युरिनॉल अॅझाथायोप्रिनला शरीरातून निचरू देत नाही, ती साठत जाते आणि रक्त तयार होणं बंद पडू शकतं. अंगठा काय, दुखून थांबला असता. त्या पोराला मी दिवाळीला शर्ट शिवून दिला. शर्ट माझं काम नाही, कॉलर जरा वाकडी आली, तरी घालतो बिचारा.

आता माझी स्वतःची चूक. ही लिहायची म्हणूनच एवढं लांबण लावलं.

मे २०२३ मध्ये पुतणीचं लग्न होतं. मार्चपर्यंत माझं स्टेरॉइड १० मिलिग्रॅमवर आलं होतं, पण चेहरा उतरायला वेळ लागतो. त्यातच पाडव्याच्या स्वागतयात्रेत कुणीतरी माझा नऊवारीतला फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली एकीने विचारलं, "ही कोण?" माझ्याच शेजारणीने. त्या रात्री ठरवलं, लग्नाच्या फोटोत हे तोंड नको. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी 'तोंड सुजवणारी गोळी' बंद केली. एकदम. कुणाला सांगितलं नाही. तिच्या जागी एका ओळखीच्या बाईंनी दिलेला गुळवेलीचा काढा, "सगळं नैसर्गिक, अपाय शून्य."

चार दिवसांत अंग मोडून आलं. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, मशीनवर पाय हलेना. मला वाटलं ऊन बाधलं. नंतर कळलं ते असं, की बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी आपलं रोजचं स्टेरॉइड बनवायचं सोडून देतात. त्यांना पुन्हा जागं व्हायला वेळ लागतो. म्हणून गोळी पायरीपायरीने उतरवतात. शिवण उसवताना ब्लेडने एकेक टाका तोडत जावं लागतं. घाईने ओढलं की शिवण राहते तिथेच आणि कापड फाटतं. हे मी हाताखालच्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी शिकवते.

तशीच रेटत लग्नापर्यंत पोचले. चेहरा थोडा उतरला होता हे खरं. पण अक्षता पडत असताना नवरीची आई, म्हणजे माझी जाऊ, कानात म्हणाली, "तुझे डोळे बघ." एसजीपीटी ६४०. पुन्हा ४० मिलिग्रॅम, पुन्हा पहिल्यापासून. त्या अल्बममध्ये मी बारीक आणि पिवळी आहे.

गोळी सोडल्याने झालं की काढ्याने, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही एकदम केल्यावर आता बोट कशाकडे दाखवणार? मग त्यांनी सांगितलं आणि मुलाने शोधून वाचून दाखवलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेली ही माणसं लिव्हर बिघडून आली होती आणि ती सूज ऑटोइम्यूनसारखीच दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वेल ओळखण्यात चूक झाली असेल, दुसऱ्या जातीची असेल, असं म्हटलं. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. माझं म्हणणं एवढंच, की जी वेल वैद्य-डॉक्टरांनाही ओळखायला अवघड, ती जांभळी नाक्यावरच्या टोपलीतून मी कशी ओळखू? आणि ती खरी असली तरी काय? तिचं काम प्रतिकारशक्ती चेतवायचं, असं तुमचाच लेख सांगतो. माझी आधीच चेतलेली आहे. माझ्यासारख्या आणखी किती असतील. आमवात आहे, ल्युपस नावाचा असाच आपल्याच अंगावर उठणारा आजार आहे, किडनी बदललेली माणसं आहेत. त्यांतले बरेच जण धार बोथट करायच्या गोळ्या घेतात, आणि पुरवणी त्यांच्याही घरी येते.

आता माझं बरं चाललंय. प्रेडनिसोलोन ५, एलियनबाई ७५. डोसच्या सगळ्या पायऱ्या कालनिर्णयच्या चौकोनांत पेन्सिलने लिहिलेल्या असतात, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. स्टेरॉइड सकाळी आठला, पोटभर नाश्त्यानंतर. उशिरा घेतलं की रात्रीची झोप गेलीच. आषाढीचा उपास मी सोडला, विठोबाला सांगून. साखर उपाशीपोटी बरोबर यायची आणि मी खूश असायचे. मग एकदा दुपारी चारला तपासली तर २३० निघाली. सकाळच्या स्टेरॉइडची साखर दुपारनंतर चढते, हे माहीत हवं. लोणचं-पापड बंद. मामलेदारची मिसळ वर्षातून एकदा, तीही कमी तिखट मागून, वाढणारा माझ्याकडे कीव येऊन बघतो. कॅल्शियम आणि डी-३ चालू, हाडांची डेक्सा तपासणी झाली, कमरेचं हाड जरा विरळ निघालं. डोळ्यांचा दाब आणि मोतीबिंदू वर्षातून एकदा बघून घेते, माझं पोट डोळ्यांवर आहे. मांडीचे स्नायू इतके गेले होते की जमिनीवर बसून कटिंग केलं तर उठायला कुणीतरी हात द्यावा लागे. आता रोज उपवनला तळ्याकाठी चालते, ऊन चढायच्या आत आणि छत्री घेऊन, कारण एलियनबाईवर असताना कातडीला ऊन चालत नाही. घरी आल्यावर हात न टेकता खुर्चीवरून वीस वेळा उठते-बसते. काकू म्हणतात शाळेत उठाबशा काढल्या नसशील तेवढ्या आता काढ.

पावसाळ्यात जास्त जपावं लागतं. दोन वर्षांपूर्वी वंदना सिनेमापाशी गुडघाभर पाण्यातून टीएमटीची बस पकडायला गेले, पायाला कात्रीची जखम होती. डॉक्टरांनी लेप्टोच्या, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाच्या भीतीने गोळ्या दिल्या आणि असा काही दम दिला की आता पाणी भरलं की मी घरी बसते, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाचीही घेतली. कांजिण्या-गोवराच्या लसीत जिवंत जंतू असतात, तसल्या लसी मला चालत नाहीत, म्हणून नवीन दवाखान्यात सुई टोचायच्या आधी मी हात मागे घेते आणि गोळ्यांची नावं सांगते. ताप १०० च्या वर गेला की काढा नाही, घरात पडून राहणं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन आणि सीबीसी. पर्समध्ये एक कार्ड असतं, मुलाने लॅमिनेट करून दिलंय, "ही व्यक्ती दीर्घकाळ स्टेरॉइड घेते, अचानक बंद करू नये." रस्त्यात चक्कर येऊन पडले तर नावाआधी हे सापडायला हवं.

संपादकसाहेब, तुमच्या लेखकाला वाईट हेतू नव्हता, हे मला ठाऊक आहे. काकूंनाही नव्हता. काढा देणाऱ्या बाईंनाही नव्हता. मी वाद घालायला बसले नाही. तुमच्याकडे मागणी दोन ओळींची आहे. असल्या लेखाखाली जाड अक्षरांत छापा: 'ऑटोइम्यून आजार असणाऱ्यांनी, अवयव बदललेल्यांनी आणि स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये.' तांब्याचं चित्र थोडं बारीक केलं की जागा होते. मी कापड बेतणारी आहे, मला जागा दिसते.

जमलं तर एखाद्या रविवारी लिव्हरच्या डॉक्टरांना लिहायला सांगा, की लिव्हरचा आजार म्हणजे दारू असं काही नाही. मला हा आजार झाल्यापासून आमच्या इमारतीत माझ्या नवऱ्याकडे संशयाने बघतात. तो माणूस सोडासुद्धा पीत नाही.

पत्र छापलंत तर नाव छापू नका. कावीळ हा शब्द ऐकला की अजून काही गिऱ्हाइकं शिवायला दिलेलं कापड उन्हात टाकतात. हा आजार कुणाचा कुणाला लागत नाही हे मी दहादा सांगितलंय, पण लग्नसराईच्या तोंडावर अकरावी वेळ नको.

आणि काकूंनी दिलेलं ते पान वाया गेलं नाही. तुमच्या पुरवणीचा कागद गुळगुळीत असतो, त्याच्यावर मी कटोरीचं कटिंग काढते. गुळवेल डाव्या कटोरीत गेली, अश्वगंधा उजवीत, आणि तांब्या बरोबर काखेत आला.

आपली नियमित वाचक,
वर्तकनगर, ठाणे (प.)